तळ्याकाठची मोजदाद

पळस फुलला आणि गव्हा-हरभऱ्याची सोंगणी सुरू झाली, की वऱ्हाडातील लहान तलाव मागे हटू लागतात. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावांच्या शिवारातही फाल्गुनात हेच घडते. पाझर तलाव आणि लघुपाटबंधारे तलाव यांच्या काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर तुतवार आणि धोबी लगबग करतात. उथळ पाण्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे उभे असतात, तर खोल पाण्यावर थापट्या, तलवार बदक, वारकरी यांचे थवे तरंगत राहतात. यातील बरेचसे पाहुणे पुढच्या काही आठवड्यांत हिमालय ओलांडून उत्तरेला निघणार असतात. ते निघण्याआधी त्यांची मोजदाद करायची, तर हाच मोसम.

अशा मोजणीच्या दिवशी पक्षिनिरीक्षकांचा चार-पाच जणांचा गट उजाडण्याआधीच काठावर पोहोचतो. एक जण टेलिस्कोप लावतो, दोघे दुर्बिणीने कडेची झुडपे धुंडाळतात आणि एकाच्या हाती वही असते. थवा मोठा असला, तर आधी दहा पक्षी नेमके मोजायचे, त्या दहांनी नजरेतील किती जागा व्यापली ते मनाशी ठरवायचे आणि तेवढे तेवढे तुकडे पाडत थव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. एखादा मोरघार किंवा दलदली हारीण डोक्यावरून गेला आणि सगळा थवा उडाला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एकट्यानेच पाहिलेली प्रजाती अनेक गट यादीत घेत नाहीत, दुसऱ्याने दुजोरा द्यावा लागतो. संध्याकाळी वहीत प्रजातींचा आकडा लिहिला जातो आणि त्याखाली प्रत्येक प्रजातीची संख्या. ज्याला हा छंद ठाऊक नाही, त्याला यात काय मौज आहे हे कळणे अवघड. परंतु या वहीमागे एका दीर्घायुषी माणसाचे सारे आयुष्य उभे आहे. त्या आयुष्याची सुरुवात मात्र मोजणीने झाली नाही. ती झाली बंदुकीने.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे होईपर्यंत आईही गेली. भावंडांत सर्वांत धाकट्या असलेल्या या मुलाला अमीरुद्दीन तय्यबजी या मामांनी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी वाढवले. या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. गिरगावाजवळच्या खेतवाडीतील त्यांचे घर माणसांनी भरलेले असे. स्वातंत्र्य चळवळीत पुढे नाव झालेले अब्बास तय्यबजी हे याच गोतावळ्यातील. अमीरुद्दीन शिकारीचे शौकीन होते. घरात बंदुका होत्या आणि मुलांच्या हाती छर्ऱ्याची बंदूक देणे यात त्या काळी कुणाला काही वावगे वाटत नसे.

सलीम दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी या खेळण्यातल्या बंदुकीने एक चिमणी पाडली. उचलून पाहतात तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची घरचिमणी नव्हती. मुलाने ती मामांना दाखवली. मामांनाही ओळख पटेना. अमीरुद्दीन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. गोऱ्या साहेबासमोर उभे राहण्याचा त्या मुलाचा तो पहिलाच प्रसंग. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. ती पीतकंठी चिमणी होती. त्यांनी मुलाला कपाटांतून भुसा भरून ठेवलेले पक्ष्यांचे नमुने दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्षी जतन कसे करावेत याचे शिक्षण मिळण्याची सोयही केली. सलीम अली यांनी १९८५ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, आत्मचरित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्याला नाव दिले ते या चिमणीच्याच पडण्यावरून.

ही सोसायटी साहेबांची खरी, पण पूर्णपणे साहेबांची कधीच नव्हती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी ती ज्या आठ जणांनी स्थापन केली, त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यक होते. आज पक्षिनिरीक्षणाला परदेशी छंद समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मिलार्ड यांच्या कपाटांपासून जगप्रसिद्ध पक्षितज्ञापर्यंतची वाट सरळ असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती अपयशांनी भरलेली होती. डोकेदुखीने शाळा मागे पडली. हवापालटासाठी सिंधमध्ये राहावे लागले. १९१३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा जेमतेम पार पडली. सेंट झेवियर कॉलेजातील पहिले वर्ष जड गेले आणि तरुण सलीम ब्रह्मदेशातील तवॉय येथे घरच्या वुल्फ्राम आणि इमारती लाकडाच्या व्यवसायात गेले. तिथल्या जंगलांनी त्यांना पुष्कळ पक्षी दिले, व्यवसायाने मात्र काहीच दिले नाही. मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्राचे धडे घेतले. त्याच सुमारास सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी ओढ ओळखून प्राणिशास्त्राकडे वळवले. १९१८ च्या डिसेंबरात तहमीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार पुढे तंबूंतून आणि डाक बंगल्यांतून चालायचा होता.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षितज्ञाची जागा निघाली, तेव्हा पदवी नाही म्हणून सलीम अली यांना ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार महिना ३५० रुपये. शाळकरी मुलांच्या रांगांना काचेआडचे प्राणी दाखवण्याच्या या कामाचा त्यांना दोन वर्षांत कंटाळा आला. रजा घेऊन ते १९२८ मध्ये जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझमान या विद्वानाने त्यांना हाताशी धरले. ब्रिटिशांच्या मुलखातून आलेल्या, पदवी नसलेल्या या हिंदी माणसाला तिथे बरोबरीची वागणूक मिळाली. हेल्गोलँड बेटावरील वेधशाळेत स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांचा माग घेण्याची पद्धत त्यांनी पाहिली. मेलेल्या पक्ष्याची कातडी जे सांगू शकत नाही, ते जिवंत पक्षी सांगतो, हा धडा त्यांनी बर्लिनहून आणला. १९३० मध्ये परत आले, तो म्युझियममधील जागा पैशांअभावी रद्द झालेली.

चौतिशी गाठत आलेला, नोकरी नसलेला हा गृहस्थ पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम येथे राहायला गेला. मुंबईत घरभाडे परवडण्याजोगे नव्हते आणि किहीमला तहमीना यांच्या माहेरच्यांचे छोटे घर होते. बेकारीतील हे दिवस भारतीय पक्षिशास्त्राला लाभदायक ठरले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली यांनी समोर आडोसा उभारला आणि दिवसेंदिवस त्यात बसून एकेका पक्ष्याचा दिनक्रम लिहून काढला.

मराठीत या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी आहे आणि आपल्या कवितेनेही खोप्याचे सारे श्रेय सुगरणीला दिले आहे. किहीमच्या टिपणांत मात्र वेगळेच दिसले. खोपा विणतो तो नर. तो अर्धवट घरटी बांधून टांगतो, माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात आणि पसंत पडले तरच एखादी तिथे राहते. मग नर ते घरटे पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली, की हा गृहस्थ दुसरे घरटे आणि दुसरी मादी यांच्या मागे लागतो. हे क्रमाक्रमाने चालणारे बहुपत्नीत्व त्याआधी कुणी नीट नोंदवलेले नव्हते. सोसायटीच्या नियतकालिकात हा लेख प्रसिद्ध झाला आणि अभ्यासकांच्या जगात सलीम अली हे नाव ऐकू येऊ लागले. पक्षी मारून नव्हे, तर त्याच्याकडे बघत बसून मिळवलेले हे त्यांचे पहिले मोठे यश होते.

परंतु बंदूक अजून सुटलेली नव्हती. त्या काळी एखाद्या प्रदेशात कोणते पक्षी आहेत हे सिद्ध करायचे, तर त्यांचे नमुने गोळा करावे लागत. देशातील कितीतरी संस्थानांची अशी पाहणीच झालेली नव्हती. सलीम अली यांनी संस्थानिकांपुढे प्रस्ताव ठेवला, की मानधन नको, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. वाशीम जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा ही तेव्हा वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख यांमधली हद्द होती, आणि पलीकडचा सारा मराठवाडा या संस्थानात मोडत असे. हैदराबादनंतर त्रावणकोर-कोचीन, मग मध्य भारतातील संस्थाने, म्हैसूर, कच्छ अशी ही यादी वाढत गेली. ह्यू व्हिस्लर या इंग्रज अभ्यासकाने या पाहण्यांचे अहवाल तयार करताना मोठी मदत केली. आरंभी दोघांत खटके उडाले, पण सलीम अली यांच्या नोंदींचा नेमकेपणा पटल्यावर व्हिस्लर त्यांचे स्नेही झाले.

या भटकंतीत तहमीना बरोबर असत. पहाटे पक्ष्यांच्या मागावर जाणे, दुपारी नमुन्यांची कातडी सोलून मसाला भरणे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधणे, रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे लिहिणे, असा दिवस असे. छावणीची सारी व्यवस्था तहमीना पाहत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अली यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण कामू आणि मेव्हणे हसन अली यांच्या वांद्र्याच्या पाली हिलवरील घरी ते राहू लागले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी पक्ष्यांना दिले.

नमुन्यांसाठी पक्षी मारल्याबद्दल त्यांनी कधी खंत केली नाही. शास्त्राच्या कामासाठी मोजके पक्षी टिपणे वेगळे आणि करमणुकीसाठी शेकड्याने पाडणे वेगळे, असे ते मानत. भूतदयेच्या भाबड्या भाषेचा त्यांना राग येई. आजच्या पक्षिमित्रांना हे रुचणार नाही, तरी त्यावर पडदा टाकण्याचे कारण नाही.

मोजणीच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण दिवस १९४५ च्या वसंतात उगवले. कच्छच्या महारावांनी आपल्या राज्यातील पक्ष्यांवर पुस्तक लिहिण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले होते. कच्छच्या मोठ्या रणात, पाणी आणि मीठ यांच्या सीमेवर, रोहित पक्ष्यांचे नगर वसते हे ठाऊक होते. परंतु ते दरवर्षी वसेलच याची खात्री नसते आणि तिथवर पोहोचणे महाकठीण. एप्रिलमध्ये सलीम अली तिथे पोहोचले. समोर चिखलाच्या बुटक्या बुरुजांसारखी घरटी क्षितिजापर्यंत पसरलेली होती. एकेक पक्षी मोजणे अशक्य. त्यांनी हिशेब मांडला तो घरट्यांवरून. घरट्यांचा आकडा लाखाच्या वर गेला आणि पक्ष्यांचा अंदाज पाच लाखांच्या घरात निघाला. त्यानंतर कित्येक दशके रणातील रोहितांबद्दल बोलताना अभ्यासकांना याच आकड्याशी तुलना करावी लागली. तुलनेला आधी काहीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. पाच लाख ही संख्या थक्क करणारी आहेच, पण खरे मोल आहे ते कोणीतरी तिथे जाऊन ती कागदावर उतरवली याला.

त्याच्याही आधी पक्षी मोजले जात होते, पण ते मेलेले. राजस्थानातील भरतपूरजवळच्या घना येथील तळी महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठीच तयार केली होती. व्हाइसरॉय आणि पाहुण्या राजेरजवाड्यांच्या शिकारींचे आकडे तिथे दगडात कोरून ठेवलेले आहेत. त्यांत सर्वांत मोठा आकडा १९३८ च्या नोव्हेंबरातील आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले. अमेरिकेतही नाताळात गट पाडून जास्तीत जास्त पक्षी मारण्याची चढाओढ चाले. फ्रँक चॅपमन यांनी १९०० च्या नाताळात त्याऐवजी जिवंत पक्षी मोजण्याची कल्पना मांडली आणि २७ जण त्यात सामील झाले. आज जगभर चालणाऱ्या गणनांची सुरुवात तिथली. भारतात मात्र हा पालट व्हायला वेळ लागला, आणि तो जिथे सर्वांत ठळकपणे दिसला ते ठिकाण भरतपूर.

स्वातंत्र्यानंतर घनाची तळी आटवून ती जमीन शेतीला द्यावी अशी मागणी जोर धरू लागली. सलीम अली यांनी थेट पंडित नेहरूंकडे धाव घेतली आणि तळी वाचली. नेहरू स्वतः पक्ष्यांचे चाहते होते. तुरुंगात असताना त्यांनी सलीम अली यांचे पुस्तक मिळवून मुलीला, इंदिरेला, पाठवले होते. या ओळखीचा उपयोग सलीम अली यांनी स्वतःसाठी फारसा केला नाही. सोसायटीची तिजोरी रिकामी झाली तेव्हा आणि तळी-जंगले धोक्यात आली तेव्हा मात्र तो नि:संकोचपणे केला.

१९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची साथ आली. हा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. तो स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांमार्फत सायबेरियातून आला असेल का, असा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेपुढे होता. या निमित्ताने निधी मिळाला आणि हेल्गोलँडला पाहिलेली कडी आता भारतात पक्ष्यांच्या पायांत चढू लागली. भरतपूर हे त्याचे मोठे केंद्र झाले. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवण्याची सूचना असे. मग सायबेरियातून, कझाकस्तानातून पत्रे येऊ लागली. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराशी संबंधित प्रकल्पाचा पैसा मिळाला, तेव्हा वृत्तपत्रांतून संशयाचे मोहोळही उठले. सलीम अली यांनी ते दिवस शांतपणे काढले, पण या वादाने ते दुखावले होते.

भरतपूरची खरी कसोटी पुढेच होती. घनाचे सर्वांत मानाचे पाहुणे म्हणजे सायबेरियन क्रौंच. १९६० च्या दशकाच्या मध्यास तिथे सुमारे दोनशे क्रौंच हिवाळ्यात उतरत. दरवर्षीच्या मोजणीत हा आकडा घसरत गेला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास तो चाळिशीच्या आसपास आला. २००२ नंतर तिथे एकही दिसला नाही. वाटेत होणारी शिकार, अफगाणिस्तानातील युद्ध, वाटेवरच्या पाणथळींची हानी अशी त्याची कारणे सांगितली जातात. ही घसरण कुणाच्या आठवणीतून कळलेली नाही. ती वह्यांमधून कळली.

१९८२ मध्ये घना राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच वर्षी तिथे गुरे चारण्यास बंदी आली. परिसरातील गावांची शेकडो म्हशी-गुरे पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत होती. विरोध झाला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांचा त्यात बळी गेला. बंदीच्या बाजूने वजन टाकणाऱ्यांत सलीम अली होते. म्हशींच्या चराईने पाणथळीची नासाडी होते, अशी त्या काळच्या बहुतेक तज्ज्ञांप्रमाणे त्यांचीही धारणा होती.

योगायोग असा, की त्यांच्याच सोसायटीने १९८० मध्ये घनाच्या परिसंस्थेचा दीर्घ अभ्यास हाती घेतला होता. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली दहा वर्षे पाणी, गवत, मासे आणि पक्षी यांच्या नोंदी होत राहिल्या. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. म्हशी गेल्यावर पाण्यातील एक गवत बेसुमार माजले. उघडे पाणी कमी झाले, मासे आणि त्यांवर जगणारे पक्षी अडचणीत आले. म्हशी ते गवत खाऊन तळी मोकळी ठेवत होत्या. अभ्यासाचा अंतिम अहवाल १९९१ मध्ये आला. तोवर सलीम अली हयात नव्हते.

त्यांच्या चरित्रांत हे प्रकरण अनेकदा दोन ओळींत उरकले जाते. वास्तविक त्यांच्या थोरवीला त्याने बाध येत नाही. ज्या संस्थेला त्यांनी मोडकळीतून उभे केले, ज्या अभ्यासकांच्या पिढीला त्यांनी आधी पाहा आणि मग मत बनवा असे वळण लावले, त्याच संस्थेने आणि त्याच पिढीने त्यांचे मत चुकीचे ठरवले. जे गावकरी त्यात जिवाला मुकले, त्यांच्या घरांना मात्र या शास्त्रीय प्रामाणिकपणाचा काही उपयोग नव्हता, हेही तितकेच खरे.

सामान्य माणसाशी सलीम अली यांचे नाते जुळले ते त्यांच्या पुस्तकामुळे. १९४१ मध्ये सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ने पक्षिनिरीक्षण हे संग्रहालयातून आणि शिकारखान्यातून काढून घराच्या गच्चीवर आणले. त्यातील एक युक्ती फार साधी होती. पक्ष्याचा आकार इंचांत सांगून सामान्य माणसाला काही बोध होत नाही. म्हणून चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशा सर्वांच्या ओळखीच्या पक्ष्यांचे माप त्यांनी लावले. नवा पक्षी साळुंकीपेक्षा थोडा मोठा की बुलबुलापेक्षा लहान, एवढे सांगितले, की खेड्यातील शाळकरी मुलालाही शोध सुरू करता येतो. धनजच्या काठावर वही धरणाराही पहिल्यांदा हेच विचारतो. १९६८ ते १९७४ या काळात अमेरिकी पक्षितज्ञ डिलन रिप्ली यांच्यासमवेत भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ पुरा झाला. तेव्हा सलीम अली अठ्ठ्याहत्तरीला आले होते.

मानसन्मान भरपूर मिळाले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, ब्रिटिश पक्षितज्ञ संघाचे सुवर्णपदक, राज्यसभेचे सदस्यत्व. पॉल गेटी पुरस्काराचे पन्नास हजार डॉलर त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून उतारवयातही ते झगडले. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, म्हणजे निदान त्याच्याकडे लक्ष जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. माळढोक आज महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला आहे.

ही सगळी गंभीर कामगिरी पाहता त्यांचा मोटारसायकलचा षौक विसरला जातो. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषद भरली, तेव्हा चौपन्नाव्या वर्षी हे गृहस्थ आपली सनबीम मोटारसायकल बोटीत घालून युरोपात उतरले आणि परिषदेच्या दारात तीवरूनच हजर झाले. भारतापासून हा माणूस मोटारसायकलवरच आला, असा काही प्रतिनिधींचा समज झाला होता.

२० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत सलीम अली यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत भारतीय उपखंडात आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली होती. दरवर्षी जानेवारीत स्वयंसेवक आपल्या भागातील तळ्यावर जाऊन पाणपक्षी मोजतात आणि आकडे एकत्र केले जातात. २०१३ पासून फेब्रुवारीतील जागतिक पक्षिगणनेतही भारतीय पक्षिनिरीक्षक भाग घेऊ लागले. आता वहीची जागा बऱ्याच अंशी मोबाइलने घेतली आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचे एक टोक अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आहे आणि दुसरे सलीम अली यांचा.

मात्र नोव्हेंबरात पाहुणे नुकतेच येत असतात. ते किती आले, हे जानेवारीत समजते आणि जाताना किती उरले, हे फाल्गुनात. भरतपूरसारख्या नावाजलेल्या ठिकाणी मोजणारे पुष्कळ असतात. वाशीमचे एकबुर्जी, कारंजा तालुक्यातील अडाण धरण आणि गावोगावचे विनानावाचे पाझर तलाव यांच्या वाट्याला ते कमी येतात. अशा तलावावर एखाद्या वर्षी चक्रवाकांची एकच जोडी दिसली, तर ती कमी की जास्त, हे सांगायला मागच्या वर्षाची नोंद लागते. म्हणून धनजच्या वाटेवर निघालेल्या गटाच्या पिशवीत दुर्बिणीबरोबर गेल्या वसंताची यादीही असते. सूर्य वर येऊन पाण्यावर चकाकी पसरू लागली, की टेलिस्कोपवाला थांबतो. मग काठाच्या बाभळीखाली यादी वाचून दाखवली जाते. हळदी-कुंकू बदके चौदा. टिबुकल्या नऊ. चक्रवाक, एकही नाही. वही धरणारा तेवढेच लिहितो आणि पान उलटतो.